पाळलेल्या पाखराचे देणे

परसात चार बदके किंवा कोंबड्या बाळगणाऱ्या मनुष्यास एक प्रश्न केव्हा ना केव्हा ऐकावा लागतो, आणि तो दोन तोंडांनी येतो. शेजारचा माळकरी म्हणतो, "ज्याच्या मानेवर उद्या सुरी ठेवावयाची, त्यास आज दाणे घालून चुचकारणे हे ढोंग नव्हे काय?" आणि आपल्याच घरातला एखादा तरुण उलट बाजूने म्हणतो, "शेवटी कापावयाचेच आहे. मग त्याचे डोळे चिकटले काय आणि न चिकटले काय, एवढी उठाठेव कशास?" खेड्यांतील उपदेशकांस हा प्रश्न विचारला जातो, आणि बहुधा तो हसण्यावारी नेला जातो. आमच्या मते तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

ह्या दोघांचे एकमेकांशी मुळीच पटत नाही असे वरवर दिसते, परंतु दोघांची समजूत आतून एकच आहे. पाखराचे व आपले जे नाते, त्याचा निकाल शेवटच्या दिवशी, सुरीपाशी लागतो, असे दोघेही धरून चालतात. एक म्हणतो, सुरी आहे म्हणून ममता खोटी. दुसरा म्हणतो, सुरी आहे म्हणून ममता व्यर्थ. आमचे म्हणणे असे की, हिशेबाची वही ह्या दोघांनीही शेवटच्या पानावर उघडली आहे. देणे सुरीच्या दिवशी उत्पन्न होत नाही; पाखरू ज्या दिवशी आपल्या परसात आणिले त्या दिवशी, किंबहुना त्याच्याही फार अगोदर, ते उत्पन्न झालेले असते. हे कसे, ते बदकाच्या उदाहरणाने पाहू; कारण कोंबडीपेक्षा बदकाच्या ठायी ते अधिक उघडपणे दिसते.

घरोघरची बदके, एक मस्कोव्ही जात सोडली तर, मॅलार्ड नावाच्या रानबदकाची संतती आहेत. ह्या रानबदकाच्या नराचे डोके हिरवे व झळाळणारे असते. हिवाळ्यात ते भारताच्या उत्तर भागात मोठ्या संख्येने उतरते. ह्या रानबदकास कोणाचीच गरज नाही. मादी गवतात घरटे करिते, दहाबारा अंडी घालिते, सुमारे अठ्ठावीस दिवस ती उबविते, पिल्ले निघाली की त्यांस पाण्यावर नेते, आणि ऋतू पालटला म्हणजे शेकडो कोस उडून जाते. आता आपल्या परसातील बदकाकडे पाहा. इंग्लंडातील ग्लॉस्टरशायर परगण्यात श्रीमती कॅम्पबेल नामक बाईने विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास रानबदक, रूएन व रनर ह्या तीन जातींचा संकर करून जी खाकी रंगाची जात काढिली, तीच 'खाकी कॅम्पबेल'. अंड्यांकरिता आपल्याकडे बदके आणावयाची तर बहुधा हीच आणितात. (त्या रनर जातीस 'इंडियन रनर' असे म्हणतात, परंतु ती मूळची जावा, बाली इकडील बेटांवरची आहे, हिंदुस्थानाचे फक्त नाव तिला चिकटले.) चांगली निगा राखली तर ही खाकी बदकी वर्षास तीनशेपर्यंत अंडी घालिते. म्हणजे रानातली बहीण एका खेपेस जितकी घालिते त्याच्या पंचवीसपट! परंतु ह्या बरकतीची किंमत कोणी दिली? त्याच पाखराने दिली. खाकी बदकी सहसा खुडूक होत नाही. अंडे घालिते आणि त्याकडे पाठ फिरवून चालू लागते. उबविण्याची बुद्धीच तिच्यातून निवडून निवडून काढून टाकिली आहे, कारण जी मादी महिनाभर अंड्यांवर बसते ती तेवढे दिवस अंडी देत नाही. आकाशात उंच उडण्याचे सामर्थ्यही तिच्यात राहिले नाही. मनुष्याने हात काढून घेतला तर कोल्हा, मुंगूस व कुत्री ह्यांच्यातून एखादी वाचली तरी तिचा वंश मात्र तिच्याबरोबरच संपेल.

आता विचार करा. एका प्राण्यापासून त्याचे पंख घेतले, त्याचे मातृत्व घेतले, आणि त्याच्या बदल्यात आपल्या टोपलीत अंडी घेतली. ज्याने हे घेतले त्याच्यावर काही देणे लागू होते की नाही? कोणी म्हणेल, "हे मी कोठे केले? कोणा परदेशी बाईने केले. मी तर बाजारातून पिल्ले विकत आणिली." हे उत्तर खेड्यातील मनुष्याच्या तोंडी शोभत नाही. बापाची जमीन हाती आली म्हणजे तिच्यावरचा बोजाही सातबाराच्या उताऱ्याबरोबर येतो, हे त्यास चांगले ठाऊक असते. शेत माझे आणि कर्ज मात्र बापाचे, असे म्हणून सोसायटीच्या चिटणिसाने कोणास सोडिले आहे काय? जो अंडे घेतो तो त्या अंड्यावरचा बोजाही घेतो. आणि बोजा किती, हे ठरविण्याचे माप आमच्या मते एवढेच की, त्या प्राण्याचे जे त्याचे त्यास करिता येत होते व आता येत नाही, तितके आपण त्याच्या ठिकाणी उभे राहून करावयाचे.

आपल्या भाषेने ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली आहे. आपण गाय पाळितो, बदक पाळितो, असे म्हणतो. आणि वचन पाळितो, पथ्य पाळितो, असेही म्हणतो. शब्द एकच. ज्या क्रियेने मनुष्य दिलेला शब्द राखितो त्याच क्रियेने तो पाखरू राखितो. बदक पाळणे म्हणजे एक न बोललेले वचन पाळणे होय, असे जर कोणी म्हटले तर तो शब्दांचा खेळ करीत आहे असे आम्हांस वाटणार नाही. मंडळीच्या सेवकासही आपल्यात पाळकच म्हणतात, हे सहज आठवले म्हणून लिहिले. त्या शब्दाचा भार किती, हे त्याने परसातील बदके पाहून अधूनमधून ताडून घेण्यास हरकत नाही.

तर मग त्या वचनात काय काय येते? सर्वांत पहिले पाणी. पुष्कळांची अशी समजूत आहे की, बदकास तळे लागते. तळे नसेल तर ते जगत नाही. हे खरे नव्हे. तळ्यावाचून बदके उत्तम राहतात. परंतु ज्यात डोके पूर्ण बुडेल इतके खोल भांडे मात्र त्यांस पाहिजेच पाहिजे. बदक आपले डोळे व नाकपुड्या पाण्यात डोके बुडवून धुते. उथळ ताटलीत नुसती चोच भिजते, डोळे कोरडे राहतात, पापण्या चिकटतात, आणि पुढे दृष्टी जाते. पाणी खाण्याच्या शेजारी असावे, कारण बदक एक घास भरड्याचा घेते व लागलीच पाण्याकडे धावते. कोरडा भरडा त्याच्या घशात अडकतो. आणि ज्या पाखरास पाण्याची एवढी आवड, त्याची निजावयाची जागा मात्र कोरडी लागते. ओल्या चिखलात रात्रभर बसविलेल्या बदकाचे पाय सुजतात. खुराड्यात पेंढा घालावा आणि तो ओला झाला की बदलावा. बदकी बहुधा पहाटे अंडी घालिते, म्हणून सकाळी आठनऊ वाजेपर्यंत बाहेर सोडू नये. नाही तर अंडे ओढ्यात पडते आणि मग घरधनीण शेजारणीवर संशय घेते. (खेड्यातील किती भांडणे अशा ओढ्यात पडलेल्या अंड्यांवरून झाली असतील, ह्याची मोजदाद कोणी केलेली नाही.)

येथेच एक कठीण गोष्ट सांगणे प्राप्त आहे. डोके बुडेल इतके पाणी ही गोष्ट ऐकावयास लहान वाटते. परंतु बदके ते पाणी तासाभरात चिखल करून टाकितात आणि दिवसातून कित्येकदा बदलावे लागते. मावळ, मुळशी, भोर ह्या पावसाच्या व भाताच्या मुलखात ह्याचे काही वाटणार नाही. परंतु पुणे जिल्ह्याचाच पूर्वेकडील भाग घ्या. पुरंदर, शिरूर, इंदापूर ह्यांतील कित्येक गावांत उन्हाळ्यात हंडाभर पाण्याकरिता बाया टँकरची वाट पाहात बसतात. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी त्या बाजूस अद्याप सांगितल्या जातात. अशा गावात कोणी हौसेने चार बदके आणिली तर फाल्गुनापर्यंत सर्व ठीक चालेल. वैशाखात मात्र सून आणि बदक ह्यांच्यामध्ये एक हंडा उभा राहील. तेव्हा सुनेचाच हक्क पहिला, ह्याविषयी वादच नाही. म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे की, जेथे पिण्याचे पाणी विकत घ्यावे लागते किंवा दुरून डोक्यावर आणावे लागते, तेथे बदके पाळूच नयेत. कोंबड्या पाळाव्यात, त्यांस वाटीभर पाणी पुरते. जे वचन वैशाखात मोडणार हे कार्तिकातच दिसत आहे, ते कार्तिकात देऊ नये. पाळणाऱ्याचा पहिला सद्गुण दया हा नसून, आपणांस काय झेपेल हे अगोदर मोजणे हा आहे. दया पुष्कळांजवळ असते.

दुसरी गोष्ट खाण्याची. आपल्या घरांत एक रीत आहे, आणि ती वाईट आहे असे म्हणावयास आम्ही कचरत नाही. चांगले ते बैलांस व दुभत्या म्हशीस, त्यांच्या उष्ट्यातले शेळीस, आणि जे शेळीही हुंगून सोडिते ते पाखरांस. बुरा आलेली भुईमुगाची पेंड फेकावयाची जिवावर येते, म्हणून ती बदकांपुढे टाकितात. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी थोड्याच महिन्यांत मेले. बदकांची पिल्लेही मेली. शोध करिता करिता असे आढळले की, त्यांच्या खाण्यात ब्राझील देशातून आलेली भुईमुगाची पेंड होती आणि तिच्यावर वाढलेल्या बुरशीने एक विष उत्पन्न केले होते. त्या विषास अफ्लाटॉक्सिन असे नाव पडले. ते यकृताचा नाश करिते, आणि बदकाच्या पिल्लांस तर त्याची बाधा इतर बहुतेक जनावरांपेक्षा फार थोड्या मात्रेने होते. म्हणजे ज्यास आपण सर्वांत निकृष्ट घालितो, त्यासच ते सर्वांत कमी सोसते. पंक्तीच्या शेवटी बसणाऱ्यास काय वाढावे, हा प्रश्न बदकांपुरता नाही, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको. कित्येक घरांत बदकांस चारा घालणारी बाईच स्वतः सर्वांच्या शेवटी, भांड्याच्या तळाशी उरलेले खात असते.

त्या बाईविषयी आणखी दोन शब्द. परसातील पाखरांची निगा जवळजवळ सर्वत्र बाया व मुली राखितात. खुराडे त्या झाडितात, रात्री मोजून आत त्या घेतात, मुंगुसाचा आवाज आला तर उठतात त्या. परंतु बाजारच्या दिवशी नर बदक काखेत मारून निघतो तो घरधनी, आणि पैसे येतात ते त्याच्या खिशात. हे न्यायाचे नाही. अंड्यांचा पैसा जिने निगा राखिली तिच्या हाती असावा. आणि पाखरू विकावयाचे किंवा कापावयाचे झाल्यास तिला विचारावे. पाहुणा आला म्हणजे तर तिला कोणी विचारीतच नाही. आणि पाहुणा बहुतकरून कोण असतो? उपदेशक, मिशनचे कोणी साहेब, किंवा पाळक! ह्या बाबतीत आम्ही स्वतःच एक पक्षकार असल्यामुळे अधिक लिहीत नाही. एवढेच म्हणतो की, भाकरी व पिठले ह्यांनी आमची भेट काही कमी गोड होत नाही.

आता एका प्रश्नाकडे वळू, जो आमच्या मते ह्या सर्व विषयात सर्वांत नाजूक आहे. खाकी बदकी अंडी उबवीत नाही. मग पिल्ले कशी निघावयाची? ज्यांच्याजवळ उबवणीचे यंत्र नाही ते खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवितात. एका कोंबडीखाली आठदहा अंडी मावतात. ती बिचारी आपलीच समजून बसते. कोंबडीची अंडी एकवीस दिवसांनी फुटतात. बदकाची अठ्ठावीस दिवसांनी. म्हणजे तिच्या रक्तातले पंचांग सांगते त्याहून एक आठवडा अधिक ती उपाशीतापाशी, छातीची पिसे गळेपर्यंत बसून राहते. पिल्ले निघतात. ती त्यांस उकिरड्यावर नेऊन उकरावयास शिकविते. त्यांचे लक्ष तिकडे नसते. मग एके दिवशी ओढा लागतो, आणि तिची सर्व पिल्ले तिच्या डोळ्यांदेखत पाण्यात शिरतात. ती काठावरून इकडून तिकडे धावते, पंख आपटिते, ओरडते. गावातील पोरे हे पाहून हसतात.

हसण्यासारखे त्यात काय आहे ते आम्हांस समजत नाही. परंतु नीतीच्या दृष्टीने प्रश्न असा की, ह्या कोंबडीस आपण फसविले काय? असत्य बोलू नये हा नियम मनुष्यामनुष्यांतला आहे, असे कोणी म्हणेल. कोंबडीस आपण काही बोललोच नाही, तिने जे मानिले ते तिने मानिले. हे उत्तर पूर्ण खोटे नाही. असत्य होण्यास शब्द लागतो, आणि शब्द समजणारा लागतो. म्हणून ह्यास खोटे बोलणे म्हणता येणार नाही. परंतु त्यावरून ते निर्दोष ठरत नाही. ते वेठ आहे. पूर्वीच्या काळी सरकारी कामगार गावात येई, ज्यास पाहिजे त्यास ओझे उचलावयास लावी, आणि मजुरीची गोष्ट काढीत नसे. त्यास आपले आजे-पणजे वेठ म्हणत. त्यात खोटे बोलणे काही नसे; अन्याय मात्र असे. कोंबडीकडून आपण जे काम घेतो ते जर मजुरी देऊन घेतले तर ते काम होय, आणि न देता घेतले तर वेठ होय. मजुरी काय? तिच्या बैठकीजवळ रोज दाणा व पाणी ठेवणे. दिवसातून एकदा तिला हाताने उचलून मोकळी करणे. तिच्या अंगावर उवा-पिसवा होऊ नयेत म्हणून घरट्यात राख घालणे. आणि एकदा अठ्ठावीस दिवस बसविलेल्या कोंबडीस त्याच ओळीत दुसऱ्यांदा कधीही न बसविणे. शिवाय पिल्ले लहान असता त्यांस पहिले तीनचार आठवडे खोल पाण्याकडे जाऊच देऊ नये. लव अजून भिजणारी असते, ती गारठून मरतात. आणि तोपर्यंत त्या आईचाही काठावरचा आकांत टळतो. ज्यांस साधेल त्यांनी एखादी मस्कोव्ही मादी ठेवावी. तिच्या तोंडावर लाल मांसल खडे असतात, दिसावयास ती ओबडधोबड, परंतु आपली अंडी पस्तीस दिवस उबवून पिल्ले वाढविणारी अशी चांगली आई बदकांत दुसरी नाही.

मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवादाच्या २२व्या अध्यायात, रानातील पाखराच्या घरट्याविषयी एक लहानसा नियम आहे. वाटेत घरटे सापडले तर अंडी किंवा पिल्ले घेण्याची मोकळीक तेथे दिली आहे. परंतु त्यांवर बसलेली आई धरावयाची नाही, तिला सोडून द्यावयाचे. ह्या नियमाचे कारण काय, ह्याविषयी यहूदी पंडितांत पुष्कळ वाद झाले आहेत. आम्हांस त्यात हे लक्षात घेण्यासारखे वाटते की, घेणे मना केलेले नाही. घेण्यास हद्द घातली आहे. खेड्यातील शेतकऱ्यास बांध म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. शेजाऱ्याचा बांध कोरणारा मनुष्य पिकाचा लोभी असतो असे नव्हे. त्यास थांबण्याची जागा दिसेनाशी होते.

शेजाऱ्याचे नाव निघाले म्हणून त्याविषयीही लिहिले पाहिजे. बदके भाताच्या रोपांत शिरली किंवा पाणवठा गढूळ करू लागली तर भरपाई करून द्यावी आणि त्यांस आवरावे, ह्यात खल करण्यासारखे काही नाही. परंतु एक प्रसंग असा येतो की, तेथे पाखरास दिलेले वचन आणि शेजाऱ्याचे हित हे समोरासमोर उभे राहतात. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा रोग आल्याचे जाहीर झाले. भारतातील ही पहिलीच नोंद. तेथे मोठमोठे पोल्ट्री फार्म होते. परंतु रोगाच्या जागेभोवती तीन किलोमीटरचे जे वर्तुळ आखण्यात आले, त्यात फार्मच्या लाखो कोंबड्यांबरोबर आदिवासी पाड्यांवरील परसातली पाखरेही आली. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातही तोच प्रसंग आला. २०१४ च्या नोव्हेंबरात केरळातील कुट्टनाड भागात तर मुख्यतः बदकांचेच कळप ह्या रोगाने मेले व मारावे लागले.

आता एखाद्या बाईजवळ चार बदके आहेत, चारही धडधाकट आहेत, आणि सरकारी पथक ती मागावयास दारी येते. तिने ती द्यावी काय? तिच्या मनात येईल ते आम्ही जाणतो: "ही आजारी नाहीत. ह्यांस मी वाढविले. मी ह्यांस कणगीमागे लपविते." त्यात लोभाइतकीच मायाही आहे. परंतु बदकाच्या बाबतीत एक गोष्ट अशी आहे की, ती जाणल्यावर लपविणे उचित ठरत नाही. हा रोग कोंबडीस झाला तर ती एकदोन दिवसांत मरते. बदक मात्र कधी मरते, आणि कधी काहीच लक्षण न दाखविता रोग अंगात बाळगून हिंडते व विष्ठेवाटे पाणवठ्यात सोडीत राहते. म्हणजे धडधाकट दिसणे ही येथे साक्षच नव्हे. कोंबडे झाकून ठेविले म्हणून उजाडावयाचे राहात नाही, तसेच बदक झाकून ठेविले म्हणून रोग थांबत नाही. तो शेजारणीच्या खुराड्यात जातो, आणि क्वचित मनुष्यासही होतो. २००६ साली नवापुरात कोणा मनुष्यास तो झाल्याचे आढळले नाही; परंतु २०२१ साली हरियाणातील एक मुलगा ह्या रोगाने दिल्लीस दगावला. म्हणून तिने ती द्यावी, आणि हात धुवावेत, व पोरांस दूर ठेवावे.

परंतु येथे दुसऱ्या बाजूचेही देणे आहे, आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. जी बाई आपली चार बदके गावाच्या रक्षणाकरिता देते तिने गावाचे कर्ज फेडिले नाही. गावास तिचे कर्जदार केले. सरकार नुकसानभरपाई देते, परंतु फार्मवाल्याजवळ वह्या असतात, मोजणी असते, विमा असतो. परसातील पाखरांची मोजणी फक्त बाईच्या डोक्यात असते. अशा वेळी उपदेशकाने किंवा शाळेच्या मास्तरांनी पथकाबरोबर दारोदार हिंडून प्रत्येक घरची पाखरे कागदावर लिहवून घेतली, पावती मागितली, आणि पैसे त्या बाईच्या नावावर जमा झाले की नाहीत ते पाहिले, तर प्रवचनापेक्षा ते काम काही कमी प्रतीचे होणार नाही.

राहिला शेवटच्या दिवसाचा प्रश्न. माळकऱ्याशी आम्हांस भांडावयाचे नाही. जो पाखरू खात नाही त्याचा आम्ही मान राखितो. परंतु जो म्हणतो, "मी अंडे खातो, मांस खात नाही, म्हणून माझे हात मोकळे आहेत," त्यास एक हिशेब दाखवावासा वाटतो. वीस अंड्यांतून पिल्ले निघाली तर त्यांतील सुमारे निम्मे नर. सहा ते आठ बदकींस एक नर पुरतो. अधिक ठेविले तर ते आपसांत झगडतात आणि माद्यांस इतका त्रास देतात की त्यांची मान सोलून निघते. उरलेले नर कोठे जावयाचे? ते कोणाच्या तरी ताटातच जातात. मोठ्या धंद्यात तर अंड्यांच्या जातीच्या कोंबडीचे नर पिल्लू अंड्यातून निघाले त्याच दिवशी मारितात, कारण ते अंडे घालणार नाही व मांसही फार धरणार नाही. म्हणजे सुरी अंड्याच्या आतच असते. ती दिसत नाही इतकेच. १९७१ साली वेंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना झाली, आणि त्यापुढे ह्या धंद्याचा विस्तार होऊन अंडे गरिबाच्याही ताटात आले, ही मोठी गोष्ट आहे. मुलांच्या अंगी त्याने रक्तमांस भरले. परंतु पिंजऱ्यातील कोंबडीस पंख पसरावयासही जागा नसते, हेही तितकेच खरे. भारताच्या विधी आयोगाने २०१७ साली आपला २६९वा अहवाल ह्याच विषयावर सादर केला. जेथे अधिक घेतले तेथे देणेही अधिक, हे वर सांगितलेले माप तेथेही लागू आहे. परंतु ज्याच्या परसात चार बदके आहेत त्याने दुसऱ्याच्या दहा हजारांवर व्याख्यान देण्यापूर्वी आपल्या चार मोजाव्यात.

आणि शेवटच्या दिवशीही देणे संपत नाही. बाजारास जाणाऱ्या एस. टी.त, सायकलीच्या दांड्यास, पाय बांधून उलटी लोंबकळणारी पाखरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. रक्त डोक्यात उतरते, डोळे तांबारतात, आणि दोन तास अशा रीतीने नेलेले पाखरू सुरीच्या अगोदरच अर्धे मेलेले असते. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमाप्रमाणे विनाकारण वेदना होतील अशा रीतीने जनावर वाहून नेणे हा गुन्हा आहे. परंतु कायद्याची गोष्ट बाजूस ठेविली तरी डालगे काही फार महाग नाही. तळाशी पेंढा घालून त्यात तीनचार बदके उभी राहतात. वर गोणपाट ओले करून टाकावे. घरी कापावयाचे असेल तर दुसऱ्या पाखरांच्या देखत कापू नये, पोरांच्या हाती सुरी देऊ नये, आणि ज्याचा हात सराईत आहे त्यासच बोलवावे, म्हणजे एका घावात काम होते.

म्हाताऱ्या बदकीचे काय करावे, असेही पुष्कळ जण विचारितात. तीनचार वर्षांनी तिची अंडी बरीच कमी होतात, आणि घरधनी लगेच बाजाराची भाषा बोलू लागतो. तिला विकण्यास किंवा खाण्यास आमची हरकत नाही. मात्र विकण्यापूर्वी एक गोष्ट जमेस धरावी. बदक जन्मभर गोगलगाई वेचून खाते. अंडी थांबली तरी हे काम थांबत नाही. पाणथळ जागेतील लहान गोगलगाईंच्या पोटात यकृतातील चपट्या कृमीचे बीज वाढते, आणि तेथून ते गवतावर चढून म्हशीच्या पोटात जाते. मग म्हैस खंगते, तिच्या गळ्याखाली पाणी साचते, आणि दूध आटते. ज्याच्या गोठ्यामागे ओल राहते व दारी दुभती म्हैस आहे, त्याने म्हाताऱ्या बदकीचा भाव करिताना म्हशीकडेही एकदा पाहून घ्यावे.